अकराचा धडा

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लिहिताना स्वतःला सावरून घ्यायला जागा उरणार नाही.

एरवी हा माझा स्वभाव नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराने नुसती छापील यादी पाठवली तरी मी दोन ओळींची पोच लिहितो. पण हे पत्र मी दोनदा वाचलं, होतं तसं दुमडलं आणि मोठ्या शब्दकोशाच्या पोटात ठेवून दिलं. सोबत पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या आल्या होत्या, बोटाएवढ्या रुंद. त्याही तिथेच ठेवल्या, वाचनातली खूण ठेवावी तशा.

पत्र एका बाइंडिंगच्या कारखान्यातून, माझ्या जुन्या कंपनीमार्फत आलं होतं. लिहिणारा तिथे कागदाचे गठ्ठे कापायचं मोठं मशीन चालवायचा. अक्षर गोल, शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं. त्याने लिहिलं होतं:

‘साहेब, मशीनच्या माहितीपुस्तकात शेवटच्या पानावर चाचणीचा दाखला आहे. त्यावर तुमची सही आहे म्हणून तुम्हाला लिहितो. पात्यापुढे प्रकाशाचा पडदा आहे. त्यात हात गेला की पातं जागच्या जागी थांबतं. दिवसभर बरोबर थांबतं. पण जेवणाच्या सुट्टीनंतर पहिल्या कापाला ते एक पेर खाली येऊन थांबतं. मी पट्ट्या आत धरून पाहिल्या, त्या सोबत आहेत. मालक म्हणतात, तुझा भ्रम आहे. मुलीची परीक्षा झाली की पुढल्या महिन्याच्या एक तारखेपासून ती माझ्याबरोबर या मशीनवर उभी राहणार. तिने आत हात घालावा की नाही, एवढंच कळवा.’

खाली सही आणि कारखान्याचा फोन नंबर. एका पट्टीवर पेन्सिलीने ‘दिवसभर’ लिहिलेलं, तिची कड जेमतेम दुखावलेली. दुसरीवर ‘सुट्टीनंतर’. ती वरून खाली बरोबर एक पेर चिरलेली होती. मी ती चीर माझ्या तर्जनीवर ठेवून पाहिली. नखाच्या खालपर्यंत आली.

मी पट्टी लगेच खाली ठेवली. कारण मालकाला जो भ्रम वाटत होता, तो काय आहे हे मला पहिल्याच वाचनात कळलं होतं. निदान कळल्यासारखं वाटलं. आणि मग पाच आठवडे मी स्वतःला सांगत राहिलो की नुसतं वाटलंच असेल. माझं वाटणं फारसं खरं नसतं, असा मला जन्मभराचा अनुभव आहे. त्या वेळी मी त्याच्याआड लपलो.

माझं काम काय होतं ते सांगायला हवं. निवृत्त होईपर्यंत सव्वीस वर्षं मी एकच गोष्ट मोजली, उशीर. अशा मशीनच्या पोटात छोटा संगणक असतो, त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम असते, आणि तिचा सगळ्यात आतला भाग म्हणजे कर्नल. कोणाचं काम कधी करायचं हे कर्नल ठरवतो. पडद्यात हात गेला की कर्नलला हाक जाते. त्याने हातातलं टाकून पातं थांबवणाऱ्या प्रोग्रामला उठवायचं. हाक आल्यापासून तो उठेपर्यंतच्या वेळाला पुस्तकात लेटन्सी म्हणतात. आम्ही उशीरच म्हणायचो. तो मायक्रोसेकंदांत मोजायचा, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.

हा उशीर मोजायला आम्ही कर्नलमध्येच नोंदी लिहिणारा कोड बसवत असू. हाक केव्हा आली, लिही. प्रोग्राम केव्हा उठला, लिही. याला ट्रेसिंग म्हणतात, आमच्या खोलीत त्याचं नाव ‘पाळत’ पडलं होतं. पाळतीत एक ग्यानबाची मेख असते: नोंद लिहायलाही वेळ लागतो. म्हणजे उशीर मोजता मोजता आपणच तो वाढवतो. तो वाढीव वेळ किती, हे मी दोन महिने खपून काढलं. अकरा मायक्रोसेकंद. तेव्हापासून प्रत्येक आकड्यातून आम्ही अकरा वजा करू लागलो.

त्या अकराला नाव मी दिलं. वडिलांचं किराणा मालाचं दुकान होतं. गिऱ्हाईक तेलासाठी घरून भांडं घेऊन आलं की वडील आधी रिकामं भांडं एका पारड्यात ठेवायचे, दुसऱ्यात खडे टाकून काटा बरोबर करायचे आणि मगच तेल ओतायचे. याला धडा करणं म्हणतात. भांड्याचं वजन गिऱ्हाइकाच्या माथी मारायचं नाही. मी म्हटलं, आपली पाळत हे भांडं आहे आणि अकरा हा तिचा धडा. खोलीतल्या सगळ्यांना ते आवडलं. नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याला विचारायचे, ‘काय रे, सरांनी अकराचा धडा शिकवला की नाही?’ मी लाजायचो आणि मनातून सुखावायचो. मला कोणी सहसा नावाजत नसे.

एका मुलीने मात्र प्रश्न विचारला होता. तिला सगळे टाचणी म्हणत, कारण ती बोलली की कुठेतरी टोचायचंच. ती म्हणाली होती, ‘सर, भांड्याचं वजन आपण वजा करतो ते ठीक. पण भांड्याशिवाय एकदा तरी मोजलंय का?’

मी चष्मा पुसला आणि म्हणालो, ‘बघू.’

हा माझा शब्द. घरी, कचेरीत, लग्नाच्या बोलण्यातसुद्धा मी तो वापरला आणि अविवाहित राहिलो. पुढे त्याच मशीनच्या दाखल्यावर मी सही केली. जास्तीत जास्त उशीर: बासष्ट वजा अकरा, एक्कावन्न. एवढ्या वेळात पातं केसभरही खाली येत नाही.

माझ्याबरोबर माझी थोरली बहीण राहते. ताईने चाळीस वर्षं शिवणाचा क्लास चालवला. आता ती शब्दकोडी सोडवते आणि अडलेले शब्द मात्र मला विचारत नाही, सरळ शब्दकोश उघडते. पत्र आलं त्याच्या पुढल्या महिन्यात, आठ तारखेला दुपारी तिने तो उघडला. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. बराच वेळ आवाज आला नाही म्हणून डोकावलो, तर मांडीवर शब्दकोश, एका हातात पत्र, दुसऱ्यात चिरलेली पट्टी.

‘हे कधी आलं?’

मी तारीख सांगितली.

‘एक तारीख होऊन गेली,’ ती म्हणाली. ‘तिकडे ती पोरगी मशीनवर उभी आहे, आणि तू तिच्या बापाला शब्दकोशात दाबून ठेवलंयस. पान सुकवतात तसं.’

मी म्हणालो की मला खात्री नाही, मोजल्याशिवाय काही लिहिणं बरोबर होणार नाही, आणि आता माझ्याजवळ मोजायला काही नाही. ती ऐकत राहिली. मग तिने आपल्या उजव्या हाताचं मधलं बोट वर केलं. त्याच्या टोकाला एक पांढरा ठिपका आहे. तरुणपणी शिलाई मशीनची सुई आरपार गेली होती. मला तो ठिपका लहानपणापासून माहीत होता, पण तिने तो मला कधी असा दाखवला नव्हता.

‘ही नुसती सुई होती,’ ती म्हणाली. ‘जा, मोजून ये.’

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी जुन्या कचेरीत होतो. टाचणी आता चाचणी विभागाची प्रमुख आहे; केस पिकलेत, बोलणं तेच. मी पत्र पुढे केलं. तिने वाचलं, पट्टी उजेडात धरली आणि म्हणाली, ‘चला, सर. बघू या.’ मुद्दाम म्हणाली की सहज, मला कळलं नाही.

मागच्या शेडमध्ये त्याच मॉडेलचं एक मशीन होतं. आधी तिने पाळत चालू ठेवून मोजलं. बासष्ट. मग तिने पाळत पूर्ण काढून टाकली आणि मोजायचं यंत्र बाहेरून लावलं: एक तार पडद्याला, दुसरी पात्याच्या ब्रेकला. हे घड्याळ कर्नलला काहीच विचारत नाही, नुसतं बाहेर उभं राहून बघतं. मशीन सारखं चालू ठेवून तिने शंभरदा मोजलं. सगळ्यात मोठा आकडा एक्कावन्न. माझा धडा तंतोतंत बरोबर निघाला होता. मला इतका आनंद झाला की आता आठवलं तरी लाज वाटते.

‘आता जेवणाची सुट्टी,’ टाचणी म्हणाली, आणि मशीनला हात न लावता आम्ही दोघं स्टुलांवर बसलो.

अर्धा तास. आयुष्यात पुष्कळ वाट पाहिली, पण त्या अर्ध्या तासासारखी नाही. शेडच्या पत्र्यावर कबुतरं चालत होती. मशीनचा हिरवा दिवा लागलेला होता, म्हणजे बाहेरून ते जागंच दिसत होतं. मी मनात म्हणत होतो, एक्कावन्नच येऊ दे. त्या मुलीसाठी म्हणत होतो की माझ्या सहीसाठी, हे आज विचारलं तर मला सांगता येणार नाही. टाचणीने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

अर्धा तास झाल्यावर तिने एक लाकडी पट्टी पडद्यात घातली.

एक्केचाळीस हजार.

मी आकडा पुन्हा वाचला. एखादं शून्य जास्त दिसत असेल म्हणून चष्मा काढून वाचला. एक्केचाळीस हजार मायक्रोसेकंद, आणि तेवढ्या वेळात पातं किती खाली येतं याचा हिशेब कागदावर करायची गरज नव्हती, तो पुठ्ठ्यावर आधीच करून आलेला होता. एक पेर.

खात्रीसाठी तिने पाळत पुन्हा चढवली आणि आणखी अर्धा तास सुट्टी दिली. बासष्ट. पाळत काढली, अर्धा तास थांबली. चाळीस हजार नऊशे.

‘काम नसलं की हा संगणक झोपतो,’ ती म्हणाली. ‘दहा मिनिटांनी गाढ. गाढ झोपेतून उठायला त्याला एवढा वेळ लागतो. पण आपली पाळत दर मिलिसेकंदाला उठून स्वतःची वही रिकामी करते. तिच्या वावरण्याने त्याचा कधी डोळाच लागला नाही. सर, आपण समजत होतो पाळत त्याला हळू करते. ती त्याला जागं ठेवत होती.’

मी भांड्याचं वजन काढत बसलो होतो. भांडं आपल्या पाठीमागे पारडं दुसऱ्या बाजूलाही दाबत असेल, हे ते पत्र येईपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्या आलं होतं.

मी घड्याळ पाहिलं. एकला दहा कमी होते. कारखान्यांची जेवणाची सुट्टी बहुधा एकला संपते, आणि सुट्टीनंतर येतो पहिला काप.

नंबर टाचणीने फिरवला. बराच वेळ नुसती घंटी वाजली. त्या तेवढ्या वेळात मी काय काय पाहिलं ते लिहीत नाही. मग एका मुलीचा आवाज आला, ‘बोला.’

मी वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आलं नाही. मी विचारलं, ‘तुमचे हात बरे आहेत ना?’

‘एका हातात फोन आहे, दुसऱ्यात चमचा. कोण बोलतंय?’

मी नाव सांगितलं. तिला काही उमगलं नाही. मग पट्ट्यांचं सांगितलं.

‘म्हणजे उत्तर न देणारे साहेब तुम्हीच होय,’ ती म्हणाली. रागाने नाही, नुसती ओळख पटल्यासारखी.

सुट्टीनंतरचा पहिला काप कोण घेतं, असं मी विचारलं. ती हसली. म्हणाली, ते एक बाबांचं खूळ आहे. तेवढा एक काप ते स्वतः घेतात, तिला चार पावलं लांब उभं करतात, सगळा कारखाना त्यांना ‘पहिलटकर’ म्हणून चिडवतो. पण आज बाबा मालाबरोबर टेम्पोत गेलेत आणि दोन वाजता दुसरा माल द्यायचा आहे.

‘तेव्हा आज मीच.’

‘नको,’ मी म्हणालो. शेडमधली कबुतरं उडाली, इतक्या मोठ्याने म्हणालो असेन.

ती हळू आवाजात बोलू लागली. ‘काका, मालक समोर उभे आहेत. त्यांना काय सांगू?’

टाचणीने एव्हाना मशीन बंद करून परत चालू करून पाहिलं होतं, आणि दोन बोटं वर करून खूण करत होती: दोनदा पाहिलं, एक्कावन्नच. मी मुलीला सांगितलं, मुख्य बटणापासून मशीन बंद कर. दहा आकडे मोजून चालू कर. मग लगेच एक काप रिकामा घे, आत कागद नाही, हात नाही. त्यानंतर काम कर, आणि दहा मिनिटं खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून.

‘थांबा,’ ती म्हणाली, आणि फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला.

मी ऐकत राहिलो. खुर्ची सरकली. एक पुरुषी आवाज कुरकुरला; तिने काहीतरी उत्तर दिलं, त्यात ‘सही केलेले साहेब’ एवढं मला ऐकू आलं. मशीनची घरघर बंद झाली. दहा आकडे मी मोजले, ती सावकाश मोजत असावी, कारण माझे चौदा झाले. घरघर पुन्हा सुरू. मग काहीच नाही. मग धप्प. पुन्हा काही नाही, आणि पुन्हा धप्प.

फोन उचलला गेला. ‘झाले दोन काप. बोटं मोजली, काका. दहा आहेत.’

मुलीने माझा नंबर घेऊन ठेवला होता; दुपारी तिच्या वडिलांचा घरी फोन आला. मी माफी मागायला लागलो तर त्यांनी मध्येच थांबवलं. मधल्या आठवड्यांत एकदा त्यांच्या डाव्या अंगठ्याचं नख गेलं होतं, पहिल्याच कापाला. त्यांना ते मला सांगायचं नव्हतं, मी विचारलं म्हणून सांगितलं.

‘नख काय, वाढतं,’ ते म्हणाले. ‘पण साहेब, फोनवरचं मालक किती दिवस ऐकतील? आज पोरीने ऐकवलं. उद्या म्हणतील, दाखल्यावर लिहिलंय मशीन चांगलं आहे, खाली सही आहे. तो दाखला चुकला, हे पण तुमच्याच सहीने पाहिजे. कागदावर द्या.’

टाचणीने वरच्या साहेबांना कळवलं होतं. कंपनी सगळ्यांना सूचना पाठवणार होती, त्यासाठी सोमवारी बैठक होती. तोवर कोणी काही लेखी देऊ नये, असा निरोप तिने मला जसाच्या तसा दिला आणि म्हणाली, ‘निरोप द्यायचं काम माझं, तो दिला.’ त्या दिवशी गुरुवार होता. सोमवारपर्यंत तिकडे तीन जेवणाच्या सुट्ट्या होत्या.

संध्याकाळी मी लिहायला बसलो. भीती वाटत होती, आणि आता ती निराळी होती. सव्वीस वर्षांत अशा किती दाखल्यांवर सही केली होती? सगळ्या मशीनवर तोच अकराचा धडा. पहिला मसुदा चार पानांचा झाला. ताईने तो चष्मा लावून वाचला, लाल पेन्सिल घेतली, शिवणाच्या वहीत चुकीचं माप खोडायची तशी खोडाखोड केली आणि म्हणाली की यात ‘कदाचित’ नऊ वेळा आहे आणि ‘हात घालू नये’ एकदाही नाही.

शेवटी एक पान उरलं:

‘तुमचं म्हणणं खरं आहे. तो भ्रम नाही. मशीन दहा मिनिटं रिकामं राहिलं की त्यातला संगणक झोपतो आणि पुढच्या पहिल्या कापाला पातं एक पेर खाली येऊन थांबतं. आम्ही चाचणी केली तेव्हा आमच्या मोजण्यामुळेच तो जागा राहत होता. हे मला कळायला हवं होतं. एका सहकारी मुलीने विचारलंही होतं. दाखल्यावरची सही माझी आहे. तो दाखला चुकीचा आहे. मशीन दुरुस्त होईपर्यंत तुमच्या मुलीने पात्याखाली हात घालू नये. तुम्हीही घालू नये. कोणीच घालू नये. सुट्टीनंतर मशीन बंद करून चालू करावं आणि पहिला काप रिकामा घ्यावा. हे पत्र मालकांना दाखवावं. तुमचं पत्र आल्याला पाच आठवडे झाले. उशीर माझा आहे.’

मग सही केली. ती सही दाखल्यावरच्या सहीशी जुळेल ना, अशी एक वेडी शंका आली, म्हणून खाली नाव सुटं सुटं लिहिलं.

शुक्रवारी पोस्ट उघडलं तेव्हा रांगेत मी पहिला होतो. बाईंनी पाकीट काट्यावर ठेवलं, काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि मला बरं नाही का, असं विचारलं. मी बरा आहे म्हणालो. पत्र रजिस्टर करायचंय, उद्या पोचेल ना, असं मी दोनदा विचारलं. उद्या दुपारच्या आत, त्या म्हणाल्या.

‘पोच हवी?’

‘हवी,’ मी म्हणालो.

त्यांनी पाकिटावर शिक्का मारला आणि ते मागच्या पोत्यात टाकलं.